येथे हाडे बसवून मिळत नाहीत

दाजी,

या पत्राची पोच मला मिळणार नाही, हे मी जाणतो. एकतीस वर्षे दिवाणी कोर्टात नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने ठावठिकाणा नसलेल्या पक्षकारास पत्र लिहावे, ही लाजेची गोष्ट आहे. ती लाज मला वाटते आहे. तरीही लिहितो, कारण आपल्या दोघांमधला एक मुद्दा प्रलंबित असताना तुम्ही परस्पर निघून गेलात, आणि तुमची ही कृती मला मुळीच मान्य नाही.

तुमच्या तालमीपुढे तुमची शोकसभा झाली. एका वक्त्याने उभे राहून सांगितले की, वस्तादांनी आयुष्यात कधी कोणाला दुखावले नाही. मी तेथल्या तेथे हरकत घेणार होतो. तुम्ही मला दुखावले आहे, दाजी, आणि तेही असे की माझा आवाज बंदरावर होडी ओढणाऱ्यांनी ऐकला. दुसऱ्या वक्त्याने तुम्हाला शांत आणि समंजस म्हटले. दहा वर्षे दर गुरुवारी ज्याने माझे रक्त उकळवले, त्या माणसाला समंजस म्हणणारा हा इसम कोण, याची मी चौकशी केली. तो बांद्याहून आला होता आणि तुम्ही त्याचा घोटा एकदाच बसवला होता. एका घोट्याच्या पुराव्यावर माणसे केवढाली विधाने करतात!

आता मूळ प्रकरणाकडे येतो. नवे पैसे चालू झाले त्या वर्षी मी निवृत्त होऊन घरी आलो, आणि पहिल्याच पहाटे आपल्यामधल्या दगडी गडग्यापलीकडून तुमच्या पोरांचे शड्डू ऐकू आले. चाळीस मांड्या एका वेळी थोपटल्या जात असताना माणसाला झोप लागत नाही, हे सिद्ध करण्यास साक्षीदार लागत नाही. मी तुम्हाला पहिली नोटीस दिली. तुम्ही ती मारुतीच्या कोनाड्यात ठेवून तिला कुंकू लावलेत. दुसरी नोटीस तालमीच्या भिंतीने माझ्या हद्दीत केलेल्या अतिक्रमणाबद्दल होती. तिचेही तेच झाले. तेव्हा मी स्वतः टेप घेऊन मोजणीस आलो.

त्या दिवशी मी कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उभा होतो, असे मी आजवर प्रत्येक अर्जात लिहिले. ते खरे नव्हते. मी वहाणा घालून हौद्यात उतरलो होतो. तुमच्या मातीत खोबरेल, ताक आणि हळद मुरवलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. पण तेथे वहाणा घालून उतरू नये, हे ठाऊक होते. टेपचे एक टोक भिंतीला लावून मी मागे सरकलो आणि पुढच्या क्षणी आकाश पाहत पडलो. उजवा खांदा जागेवरून सुटला होता. तुम्ही जवळ येऊन बसलात. आधी माझ्या पायांतल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्यात आणि मग खांद्याकडे पाहिलेत. तो क्रम मी कधीही विसरलो नाही.

"तात्यानू, हलू नकात. खांदो सुटलो."

"हात लावू नका," मी म्हणालो. "तुम्ही नोंदणी झालेले वैद्य नाही. मला डॉक्टरकडे न्या."

"डॉक्टर कणकवलेक गेलेसत. सांजेक येतले. तवसर बसतास?"

"बसतो."

"बसा तर." तुम्ही माझ्या बगलेत अंगठा ठेवलात, जणू सहज टेकायला जागा हवी होती म्हणून. "माका फक्त एक सांगा. तुम्ही कोर्टातले. आरोपी मेलो, तर तेची शिक्षा तेच्या झिलाक भोगूची लागता, खरां मां?"

"मुलाला भोगावी लागते, असे कोणी सांगितले?"

"वकिलान. भर बाजारात सांगल्यान. म्हणालो, बापूस मेलो काय खटलो झिलार जाता. कायदोच तसो आसा."

"मूर्ख आहे तो वकील! आरोपी मेला की खटला तिथल्या तिथे..."

वाक्य पुरे झाले नाही. माझ्या खांद्यात दरवाजाची कडी बसावी तसा आवाज झाला. एकतीस वर्षे कोर्टात आणि घरातही शुद्ध भाषेत बोलणारा मी, "मेल्या, मारलंस रे माका!" असे ओरडलो. तुमचे चाळीस पैलवान हसले. हात जागेवर बसला होता. तुम्ही अंगठा धोतराला पुसलात आणि म्हणालात, "पण वकील खोटा कशाक सांगतलो?"

दाजी, हाच तो प्रलंबित मुद्दा.

त्या बगलेतल्या जागेविषयी मी नंतर तुम्हाला उलटतपासणीत विचारले होते. तुम्ही सांगितलेत की, बोथाटीचे, म्हणजे बोथट भाल्याचे, टोक तेथे नेमके लागले तर गड्याचा हात लुळा पडतो आणि अंगठा नेमका ठेवला तर आखडलेला हात सैल सुटतो. जागा एकच. मी म्हणालो, हे शास्त्रीय नाही. तुम्ही म्हणालात, "नसात. पण हात वर करा बघू." तुमच्या तालमीचा नियमही त्याच जातीचा होता. नव्या गड्याला तुम्ही डाव आधी शिकवत नसा. आधी त्या डावाचा उतारा. मनगट पिरगळण्याचा डाव हवा असेल, तर पिरगळलेले मनगट पूर्ववत करून दाखवायचे. तोवर डाव नाही. आंबोलीहून आलेला एक दांडगा गडी सहा महिने गुडघेच चोळत बसला होता. तो एकदा कंटाळून म्हणाला, "वस्ताद, मी कुस्ती शिकूक इलंय." तेव्हा तुम्ही त्याला सुनावलेत, "हातान जा मोडतलंस ता हातान जोडूक येवक व्हया. नुसता मोडूक काय, पडलेलो माडसुद्धा माणसाक मोडता. तेका कोण पैलवान म्हणता?"

तुमच्या मुलीला, शालनला, हौद्यात पाय ठेवता येत नव्हता. ती खिडकीशी उभी राहून पाहत असे आणि तुम्ही घरी गेल्यावर तिला उतारे शिकवत असा. त्यामुळे तिला डाव एकही येत नाही आणि उतारे मात्र सगळे येतात. मोडण्याचे अर्धे शास्त्र वगळून जोडण्याचे अर्धे पुरे केलेली ती तुमची एकटीच शिष्या. मी हे एका अर्जात तुमच्या विरुद्ध मुद्दा म्हणून लिहिले होते. आज पुन्हा वाचले, तर तो तुमच्या बाजूचा निघतो. मसुदा करताना माझ्या हे लक्षात कसे आले नाही, याचा मला राग येतो.

खांदा बसवल्याच्या चौथ्या दिवशी मी सरकारकडे पहिला अर्ज धाडला. विषय: नोंदणी नसलेल्या इसमाने अर्जदाराच्या शरीरावर अर्जदाराच्या संमतीविना केलेला अघोरी उपचार. त्यात वाक्य होते की, 'अर्जदाराचा उजवा हात खांद्याच्या वर कायमचा जात नाही.' लिहिले त्या दिवशी ते वाक्य खरे होते. हात लेपात बांधलेला होता, तो वर जाणार कसा? त्या लेपात उडदाच्या पिठाबरोबर अंडे होते, हे मला पट्टी सोडताना कळले. माझ्या घरात अंडे कधी आले नव्हते. मी संतापलो, तर तुम्ही म्हणालात, "तात्यानू, अंडा हातान खाल्ल्यान. तुम्ही खंय खाल्लात?"

आरोपाची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला मिळाली पाहिजे, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. तुम्हाला वाचनाचा कंटाळा. म्हणून दर गुरुवारी सकाळी मी तालमीत येऊन, स्टुलावर बसून, नवा अर्ज तुम्हाला वाचून दाखवत असे. आणि मी वाचत असताना तुम्ही माझ्याच खांद्याला तेल लावत असा. या व्यवस्थेत काही विसंगती आहे, असे आपल्या दोघांपैकी कोणालाही वाटले नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मध्येच म्हणायचात, "हंयसर जोर कमी झालो. अघोरीच्या फुडे 'अत्यंत' घाला." मी घालत असे. माझ्या काही उत्तम वाक्यांचे जनकत्व तुमच्याकडे जाते, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

त्या पाटीचे काय, दाजी? ती पाटी मी, कधी काढणार नाही अशी तुमच्याकडून लेखी हमी घेऊन, लावून घेतली होती. कोणीही फसू नये म्हणून तालमीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिले: 'येथे हाडे बसवून मिळत नाहीत.' मजकूर माझा, अक्षर माझे, खिळेही माझे. त्याआधी परगावच्या माणसाला तुमची तालीम सापडत नसे. पाटी लागल्यापासून एस.टी.तून उतरलेला माणूस, एका हाताने दुसरा हात सांभाळत, बाजारात विचारू लागला, "हाडां बसवून मिळणत नाय ती जागा खंय आसा?" आणि लोक त्याला थेट तुमच्या दारात आणून सोडू लागले. मी पाटी काढा म्हणालो. तुम्ही मीच लिहून घेतलेली ती हमी पुढे केलीत. तुमच्यासारख्या माणसाने कागद जपून ठेवावा आणि तो माझ्यावर चालवावा, हा माझ्या निवृत्तीनंतरच्या काळातला सर्वांत कडवट पराभव होता.

आणि ते तुमचे कायदे! प्रत्येक गुरुवारी तेल लावता लावता तुम्ही सुरुवात करायचात. "तात्यानू, माका एक सांगा. भाडेकरून भिंतीक चुनो लावल्यान, तर घर तेचा होता, खरां मां?" मी हात हलवून सांगायचो की नाही. "खरेदीखत लाल शायेन केला, तर ता मोडूक येणा नाय मां?" मी हात उचलून सांगायचो की असे काहीही नाही. "मृत्युपत्र बायलेन वाचल्यान काय रद्द होता." तेव्हा तर मी उभाच राहायचो. अखेरीस, वर्षातून चार-सहा वेळा, तुम्ही तो जुना बाण काढायचात, "पण वकील म्हणालो, बापूस मेलो काय खटलो झिलार जाता," आणि मी बोट छपराकडे रोखून गरजायचो की खटला जात नाही, काहीही जात नाही. तुम्ही मान हलवून म्हणायचात, "बरा. फुडल्या गुरवाराक परत समजावून सांगा."

मला वाटे, इतका हुशार हात आणि इतके मठ्ठ डोके एकाच देहात देवाने कसे घातले.

गोवा सुटल्यानंतर दोनेक वर्षांनी एक गोष्ट घडली. ती मी कोणाला सांगितली नाही. परसातल्या फणसावर एक वांदर बसला होता. मी दगड उचलला आणि भिरकावला. दगड लागला नाही, पण माझा उजवा हात पाठीमागून निघून, कानाला घासून, डोक्यावरून पूर्ण फिरून खाली आला. मी तसाच उभा राहिलो. मग इकडेतिकडे पाहिले. साक्षीदार एकच होता आणि तो माडावर चढून फरार झाला. मी घरात गेलो, दार लावले आणि हात पुन्हा वर केला. गेला. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरचा ग्रंथ काढला. निघाला.

त्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला हवा होता. कायद्याने आणि सभ्यतेने. मी तसे केले नाही. त्यानंतरही मी पाच वर्षे स्मरणपत्रे पाठवत राहिलो आणि प्रत्येकात लिहीत राहिलो की, हात अद्याप वर जात नाही. गुरुवारी तालमीत येताना हात कोटाच्या खिशात ठेवत असे. दाजी, हात बरा झाला असता तर मी तेथे कोणत्या नात्याने आलो असतो? पैलवान म्हणून? अर्ज होता म्हणून गुरुवार होता. माझ्या घरात सकाळी माझ्याशी वाद घालणारे दुसरे कोणी उरले नव्हते.

अर्ज केला तेव्हा राज्य मुंबईचे होते. उत्तर आले ते महाराष्ट्राचे, आणि ते तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. मी उत्तराची वाट पाहणे कधीच सोडले होते. पत्रात होते की, प्रकरणाची चौकशी कणकवलीस होईल आणि ती पुरी होईपर्यंत सदर ठिकाणी सदर इसमाने किंवा त्याच्या घरच्या कोणी कोणताही उपचार करू नये. एक प्रत मला. एक प्रत तुमच्या नावे, ती शालनच्या हाती पडली.

त्याच सकाळी रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काम करणारा विठू तालमीच्या पायरीवर येऊन बसला. ओढताना दोर सुटून त्याचा खांदा गेला होता. अगदी माझ्यासारखाच. शालनने तो पाहिला, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग गडग्यावरून मला हाक मारली.

"तात्यानू, ह्या कागदात काय आसा ता जरा वाचून दाखवा."

कागदात माझा अर्ज उतरवलेला होता; मला माझीच वाक्ये मोठ्याने वाचावी लागली. 'अत्यंत अघोरी' हे शब्दही सुटले नाहीत. शालनने कागद परत घेतला. विठूने विचारले, "ह्या कोणी लिवला?"

"तात्यांनी," शालन म्हणाली.

"मगे खांदो तात्याच बसवूंदेत," विठू म्हणाला, आणि घामाने निथळत माझ्याकडे पाहत राहिला.

शालनने त्याच्या हाताखाली उशी दिली, झोळी बांधली आणि त्याला कणकवलीच्या गाडीत बसवून दिले. वाट खड्ड्यांची आहे. प्रत्येक खड्ड्याला तो काय म्हणाला असेल, याचा अंदाज मी करू शकतो, कारण तो मजकूर मी स्वतः एकदा ओरडलो आहे.

मी त्याच दुपारी अर्ज मागे घेण्याचे पत्र लिहिले. पाकीट बंद करण्यापूर्वी लक्षात आले की ते निरुपयोगी आहे. चौकशी एकदा लागली की अर्जदाराने समक्ष हजर राहून कारण सांगितल्याविना अर्ज निकाली निघत नाही. ही पद्धत मी माझ्या हाताखालच्या चार कारकुनांना पढवली होती. आणि कारण काय सांगणार? हात पाच वर्षांपूर्वीच बरा झाला, मी खोटे लिहीत होतो? इतरांच्या शपथपत्रांतला खोटेपणा तांबड्या शाईने अधोरेखित करण्यात माझा जन्म गेला. बोललो तर माझी अब्रू जात होती. न बोललो तर शालनचे हात बांधले जात होते. मी नऊ पानांचे निवेदन तयार केले. त्याच्या आठव्या पानापर्यंत हाताचा उल्लेख नव्हता.

कणकवलीस मी आणि शालन एकाच एस.टी.ने गेलो. तिने मला खिडकी दिली आणि कंडक्टरने सांगण्याआधीच म्हणाली, "तात्यानू, उजवो हात भायर काढू नकात." दुसऱ्याच्या हाडांची आधी काळजी, ही तुमचीच सवय. मी नऊ पाने मांडीवर धरून बसलो.

चौकशी अधिकारी तरुण होता. एका खोलीत मेज, तीन खुर्च्या आणि माझ्या अर्जांचा, लाल फितीत बांधलेला, वीतभर उंचीचा गठ्ठा. खरे सांगतो, तो गठ्ठा पाहून क्षणभर माझी छाती भरून आली. अधिकाऱ्याने पहिला अर्ज वाचला. 'हात कायमचा वर जात नाही' येथपर्यंत येऊन त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. माझा हात कोटाच्या खिशात होता.

मग तो म्हणाला, "ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते गृहस्थ वारले आहेत, असे दिसते. हरकत नाही. त्यांची कन्या हजर आहे. प्रकरण आता वारसावर चालवू."

दाजी, तेच वाक्य. सरकारी मेजावरून.

मी उभा राहिलो की खुर्ची आपण होऊन मागे पडली, हे मला आठवत नाही. "हरकत!" मी गरजलो. "मनुष्य मेला की त्याच्यावरचा आरोप तिथल्या तिथे संपतो! आरोप ही काय जमीन आहे, वारसाच्या नावे चढवायला? कोणत्या कायद्यात आहे? दाखवा मला! आत्ता दाखवा!"

अधिकारी माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. तो वर पाहत होता. शालनही वर पाहत होती. मी त्यांच्या नजरेमागे नजर नेली, तर छताच्या वाशाखाली, माझ्या कानाला चिकटून, मनगटापासून बोटापर्यंत ताठ, माझा उजवा हात उभा होता.

"अर्जदार," अधिकारी हळूच म्हणाला, "हाच तो हात ना?"

"हाच," मी म्हणालो. "पण मुद्दा हाताचा नाही. मुद्दा वारसाचा आहे." हात मी खाली घेतला नाही. त्या क्षणी हात खाली घेणे म्हणजे मुद्दा सोडणे झाले असते.

त्याने बराच वेळ लिहिले. मग वाचून दाखवले: अर्जदाराच्या हाताची समक्ष पाहणी केली, हात खांद्याच्या वर जातो व खाली येत नाही, तक्रारीस आधार नाही, अर्ज निकाली, मनाई उठवण्यात येते. मी त्यास सांगितले की, 'खाली येत नाही' हे विधान वस्तुस्थितीस धरून नसून ते वगळावे. त्याने वगळले नाही. पहिली आठ पाने वाचण्याचीही त्याने परवानगी दिली नाही. नववे पान, ज्यात कबुली होती, ते मात्र मी त्याच्या मेजावर ठेवले. त्याने ते वाचले, घडी घातली आणि गठ्ठ्यात सर्वांत खाली सारले.

बाहेर आल्यावर शालन म्हणाली, "हात खाली घेवा आता तात्यानू. लोक बघतत."

"शालन," मी म्हणालो, "मला काही सांगायचे आहे. हा हात पुष्कळ दिवसांपूर्वी..."

"माका ठावक आसा."

"तुला?"

"बाबांकासुद्धा ठावक होता. दोन वर्सांतच हात बरो झालेलो. बाबा म्हणायचे, चुन्याच्या कायद्यान हात छातीसर येता, लाल शायेन हनवटीसर, मृत्युपत्रान कपाळासर. कानाक लावक मोठोच कायदो व्हयो. म्हणान ता वकिलाचा राखून ठेवलेला." ती हसली नाही, तुम्हीही असे सांगताना हसत नसा. "तात्यांका सांगू नको म्हणाले. हात बरो झालो असा कळला, तर तात्यांचो गुरवार मोडतलो."

एस.टी. सुटायला अवकाश होता. मी स्टँडवर बाकावर बसलो. भाडेकरू, लाल शाई, मृत्युपत्र. दहा वर्षे मी तुम्हाला कायदा शिकवत होतो असे मला वाटत होते, आणि तुम्ही मला हात वर करायला शिकवत होता. सांगितले असतेत, की तात्यानू, रोज हात थोडा थोडा वर करा, तर मी केला नसता; वर त्याविरुद्धही अर्ज केला असता. हे तुम्ही माझ्याविषयी जाणत होता. आणि मी खिशात हात घालून येतो, तो का, हेही. दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली आणि दोघांनी ती नीट लपवली. अशा प्रकरणात कोर्ट खर्च कोणावरच बसवत नाही.

तुम्ही मला फसवलेत याबद्दल मी संतप्त आहे. हे नोंदवून ठेवा. आभार मानण्याची माझी पद्धत तुम्हाला ठाऊक होती, म्हणून ते वेगळे लिहीत नाही.

काल गुरुवार होता. माझ्याजवळ अर्ज नव्हता, दुखणे नव्हते, काही कारणच नव्हते. तरी सकाळी कोट घातला आणि गडग्याला वळसा घालून आलो. वहाणा दाराबाहेर काढल्या. पाटी अजून आहे. आत शालन विठूच्या खांद्याला तेल लावत होती. माझे स्टूल जागेवर होते. मी बसलो. कोणी काही विचारले नाही.

थोड्या वेळाने, वर न पाहता, ती म्हणाली, "तात्यानू, माका एक सांगा. शेजाऱ्याची बावडी कोणी वीस वर्सां रोज बघल्यान, तर ती बावडी बघणाऱ्याची होता, खरां मां?"

"बघून?" मी म्हणालो. "विहीर नुसती बघून?"

विठूने वेळेवर मान खाली घातली म्हणून बरे. माझा हात त्याच्या डोक्यावरून कानाशी जाऊन उभा राहिला.

"बरो आसा," शालन म्हणाली, आणि तिने वाटीत आणखी तेल ओतले. "फुडल्या गुरवाराक परत समजावून सांगा."

दाजी, प्रलंबित मुद्द्यावर माझे अंतिम म्हणणे असे. माणूस मेला की त्याच्यावरचा खटला वारसावर जात नाही. यावर मी ठाम आहे आणि तुमचा तो वकील मूर्खच आहे, जर तो मुळात अस्तित्वात असेल. परंतु बाकी काहीच वारसावर जात नाही, असे जे मी दहा वर्षे हात वर करून सांगत आलो, ते विधान मी आज लेखी मागे घेत आहे.

हे पत्र मारुतीच्या कोनाड्यात, माझ्या जुन्या नोटिसांवर ठेवतो. कुंकू शालन लावील. नक्कल ठेवलेली नाही.

आपला,
तात्या